.३५७ मॅग्नमचं एकच काडतूस रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरजवळचा लिव्हर ओढून पुढचं काडतूस चढवायची) रायफल दोन्हीसाठी घरी भरता येतं का?

येतं की, अमेरिकेत कितीतरी लोक तेच करतात. .३५७ मॅग्नम १९३५ सालचं, काढलं रिव्हॉल्व्हरसाठीच, पण मार्लिन १८९४ सारख्या रायफलची नळी लांब असते त्यामुळे सावकाश जळणाऱ्या दारूचा जोर गोळीवर जास्त वेळ राहतो आणि तीच गोळी बऱ्यापैकी जास्त वेगाने सुटते.

पण सगळ्यात आधी गोळीचं टोक बघा! अशा रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायची जागा) काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्याचं टोक थेट पुढच्याच्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची, ठोका बसला की पेट घेणारी टोपी), आणि टोक अणकुचीदार असेल तर रायफलच्या धक्क्याने आतल्या आतच बार उडू शकतो, म्हणून चपट्या टोकाचीच घ्या. क्रिंप, म्हणजे केसचं (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचं) तोंड गोळीभोवती आवळणं, घट्ट पाहिजे, नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगने गोळी केसमध्ये आत दबते आणि प्रेशर वाढतं, रिव्हॉल्व्हरमध्ये उलट ती पुढे सरकून सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरणारा भाग) अडतो. एकूण लांबी १.५९० इंचाच्या वर नको, लांब काडतूस रायफलमध्ये अडकतं.

दारूचं माप फक्त छापील रीलोडिंग मॅन्युअलमधूनच (काडतुसं भरायच्या माहितीपुस्तकातूनच) घ्या, नेटवर कुणी सांगितलेलं अजिबात नको, म्हणूनच मी पण इथे आकडा देत नाहीये.