भाषेची पदवी आणि कारखान्यातले प्रशिक्षण

प्रश्न : मी गोवा विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले आहे. पदवीला हिंदीही होती. सध्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात लेक्चर बेसिसवर शिकवते; मात्र पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही, याची खात्री कधीच नसते. कंपन्यांत ट्रेनर म्हणून काम मिळते असे ऐकते. माझ्याकडे एमबीए नाही आणि इंग्रजी बरे असले तरी फर्डे नाही. अशा पदवीला तिथे कोणी विचारेल का? सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : एमबीएवाचून कंपनीत प्रशिक्षण देता येत नाही असा कोणताही नियम नाही. इंग्रजीचे म्हणाल, तर व्यवस्थापकांच्या वर्गात ते लागतेच. पण गोव्यात प्रशिक्षणाची खरी निकड ज्या ठिकाणी आहे, तिथे इंग्रजी कळणे पुरेसे असते आणि समोरच्याच्या भाषेत नेमके बोलता येणे अधिक मोलाचे ठरते.

वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतींचे उदाहरण घ्या. कामाच्या लेखी सूचना, म्हणजे एसओपी, बहुधा इंग्रजीत असतात. सुपरवायझर त्या हिंदीत किंवा कोकणीत समजावतो. आणि यंत्रापाशी उभा असलेला कामगार घरी मराठी, कन्नड, ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा असतो. औषधनिर्मिती कारखान्यांना ‘शेड्यूल एम’नुसार, म्हणजे औषधे बनवण्याच्या योग्य पद्धतींच्या सरकारी नियमांनुसार, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. तरीही एसओपी वाचून दाखवायची, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या आणि प्रशिक्षण झाले असे समजायचे, हा प्रकार सर्रास चालतो. ऐकणाऱ्याला काय कळले आणि काय निसटले, हे तपासणारा माणूस तिथे नसतो. तुमच्या शिक्षणाचा उपयोग नेमका इथे आहे.

‘स्वच्छता झाल्यावर तपासणी करून नोंद करावी’ असे वाक्य सूचनेत असते. तपासणी कोणी करायची, ऑपरेटरने की गुणवत्ता विभागाने? नोंद तपासणीआधी केली तर चालेल का? वाक्यात कर्ताच नसल्यामुळे प्रत्येक शिफ्ट आपापला अर्थ लावते. संहिता वाचताना कोण कोणाला सांगते आहे आणि काय गृहीत धरले आहे हे शोधायची सवय तुम्हाला एम.ए.च्या वर्षांत लागलेली असणार. कारखान्यात ही सवय दुर्मीळ आहे, आणि तिच्या अभावी होणाऱ्या चुकांची किंमत मोठी असते.

म्हणून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ किंवा ‘प्रभावी संवाद’ अशी सर्वांसाठी एकच असलेली व्याख्याने घेऊन दारोदार फिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच क्षेत्र निवडा: औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया किंवा हॉटेल. तिथल्या एचआर विभागाकडे नव्या कामगारांच्या इंडक्शनसाठी, म्हणजे रुजू होतानाच्या प्रशिक्षणासाठी, दीड तासाचे एक सत्र मागा आणि त्याआधी कंपनीच्या परवानगीने एक पूर्ण शिफ्ट कामगारांबरोबर काढा. ज्या सूचना त्यांना अडतात, त्यांवरच सत्र बेता. बोलणे कमी ठेवा. त्यांच्याकडून सूचना स्वतःच्या शब्दांत सांगून घ्या आणि शक्य असेल तिथे कृती करून दाखवायला लावा. वर्गात शिकवण्याचा तुमचा अनुभव इथे उपयोगी पडेल. पण प्रौढ कामगाराला विद्यार्थ्यासारखे वागवलेले खपत नाही, आणि ते योग्यच आहे.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: सत्र आवडले का, त्यातून काही शिकले का, कामाची पद्धत बदलली का आणि संस्थेला त्याचा लाभ झाला का. सत्राअखेर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदावरून बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. तुम्ही महिन्याभराने पुन्हा जाऊन नोंदवह्यांतील चुका कमी झाल्या का ते पाहिलेत आणि एका पानाचा अहवाल दिलात, तर पुढचे काम मागताना त्या पानाचे वजन प्रमाणपत्राहून जास्त भरेल. प्रमाणपत्र हवेच असेल, तर इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे.

एका विषयात मात्र घाई करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार कार्यशाळा घेणे मालकांवर बंधनकारक आहे आणि या कामाला मागणीही आहे. परंतु तो कायदा आणि अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीची कार्यपद्धती नीट अभ्यासल्याशिवाय हे सत्र स्वीकारणे पीडितेवर अन्याय करणारे ठरू शकते.

शक्य असल्यास पहिली दोन-तीन वर्षे एखाद्या कंपनीच्या किंवा हॉटेलच्या प्रशिक्षण विभागात नोकरी करावी. त्या जगाची शिस्त आत राहूनच कळते. स्वतंत्र काम पुढे सुरू केलेत, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असल्यास, लेखी करार असला तरी देयक ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज मागता येते. मानधन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जाईल. विवरणपत्र भरल्यावर तो तुमच्या करात वळता होतो. जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावरच लागते.

हॉटेलांकडे वळणार असाल, तर वेळेचे भान हवे. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, त्यामुळे कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी पावसाळ्याचे महिनेच सोयीचे. तेव्हा पत्रे मे महिन्यातच पाठवा आणि सत्रांच्या तारखा चवथीचे (गणेश चतुर्थीचे) दिवस टाळून सुचवा.