स्वतःचंच मन ठिकाणावर नसताना दुसऱ्याला मदत करावी का?

तुम्ही लिहिलंय की बरेच दिवस कशात मन लागत नाही, रात्री झोप नीट नाही, आणि ज्याला सांगावं तो म्हणतो, "दुसऱ्यांसाठी काहीतरी कर, बरं वाटेल." स्वतःचंच ओझं उचलवत नसताना दुसऱ्याचं कुठून उचलायचं, आणि असल्या बारीकसारीक चांगुलपणानं खरंच काही बदलतं का, हा तुमचा प्रश्न.

माझं म्हणणं, दोन्ही बरोबरच सुरू करा. फक्त दुसऱ्यासाठीचं काम इतकं लहान धरा की ते आटपून तुम्ही वेळेवर जेवायला बसाल. "आधी मी पूर्ण सावरतो, मग लोकांचं बघू" म्हणणाऱ्याचा तो 'मग' सहसा उजाडत नाही. आणि "माझं राहू दे, आधी त्यांचं" म्हणणारी माणसं तर मला रोज भेटतात, कारण बडोद्याला रावपुऱ्यात माझं मेडिकल आहे. आजोबांनी टाकलेलं दुकान. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला माणूस आहे. काउंटरच्या या बाजूनं जे दिसतं तेवढंच सांगतो.

आधी झोप. "भाई, ऊंघनी गोळी आपो ने," असं म्हणत येणारे कमी नाहीत, आणि आपले मराठी लोक तेच जरा आडून विचारतात: "शांत झोप लागेल असं काही आहे का हो?" अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या औषध कायद्याच्या 'एच-वन' यादीतल्या. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि दिल्या की डॉक्टरचं, पेशंटचं नाव वहीत चढवून ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. हा कायदा उगाच नाही, या गोळ्यांची सवय लागते. तेव्हा ओळखीच्या केमिस्टला गळ घालू नका. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुटीच्या दिवशीसुद्धा. संध्याकाळनंतर चहा बंद. (बडोद्यात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. इथं रात्री अकरालाही चहाच्या टपरीवर गर्दी असते.) सकाळी उन्हात चाला. आमच्याकडे त्यासाठी कमाटीबाग आहे, तुमच्या गावी काहीतरी असेलच. दोन आठवडे करूनही फरक पडला नाही, जेवण जात नसेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता 'आधी त्यांचं' वाल्यांविषयी, कारण तुम्ही त्या वाटेला जाल अशी मला भीती आहे.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरची यादी येते. सासऱ्यांची हृदयाची, सासूबाईंची थायरॉइडची, नवऱ्याची पित्ताची, मुलाचं खोकल्याचं औषध. बाई यादी वाचते, मी काढून ठेवतो, बिल होतं. मग ती पर्समध्ये बघते आणि हळूच एक स्ट्रिप माझ्याकडे परत सरकवते. "ही पुढच्या आठवड्यात नेईन." ती स्ट्रिप तिची स्वतःची असते. बीपीची. दरवेळी पैशाची अडचण असते असंही नाही, खात्यावर लिहितो म्हटलं तरी नको असते. मनात हिशेब पक्का असतो की काटछाट करायची तर आपल्यात. पुरुषही असे असतात, पण ते स्ट्रिप परत देत नाहीत. घेऊन जातात आणि खात नाहीत.

मी आता बिल करण्याआधीच विचारतो, "आणि तुमची?" याला दया म्हणायचं की धंदा, तुम्ही ठरवा. पण बीपीची गोळी मधेच सोडली की त्रास लगेच होत नाही, म्हणून माणसाला वाटतं चालतंय. आणि एके दिवशी जी बाई घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या सांभाळत होती तीच आडवी पडते. मग ते घर कसं कोलमडतं हे मी पाहिलंय. सासूबाईंना तर आपल्या गोळीचं नावसुद्धा माहीत नसतं.

याचा अर्थ मदत करू नये असा नाही. मदतीला हद्द हवी.

आणि मदतीनं बरं वाटतं का? वाटतं, पण लोक सांगतात तितकं नाही. असल्या विषयावरच्या २७ प्रयोगांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. दुसऱ्यासाठी काही केल्यानं करणाऱ्याला बरं वाटतं असं त्यात निघालं, पण परिणाम लहान ते मध्यम. माझ्या भाषेत सांगायचं तर हे सौम्य औषध आहे: गुण बेताचा, दुष्परिणाम जवळपास नाहीत. चमत्कार सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या कामाचा दुसरा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या ओहायोमधला, २०२३ साली छापून आलेला. त्यात उदासी किंवा चिंता यांचा बऱ्यापैकी त्रास असलेली माणसंच घेतली होती. काहींना आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला तीन, अशी दुसऱ्यांसाठी लहानसहान कामं करायला सांगितली. काहींना लोकांत मिसळायला. काहींना मनात येणारे विचार लिहून तपासायला. त्रास तिन्ही गटांत कमी झाला. पण इतरांशी आपलं काही नातं आहे ही भावना वाढली ती मुख्यतः पहिल्या गटात. म्हणजे मन ठिकाणावर नसलेल्या माणसानंही हे करायला हरकत नाही, आणि आठवड्याचे सातही दिवस करायची गरज नाही. दोन दिवस! हे मला सगळ्यात पटलं.

लहानसहान म्हणजे काय, हे माझ्याच काउंटरवरचं सांगतो. खंडेराव मार्केटजवळ भाजी घेऊन बसणाऱ्या एक माशी आहेत (गुजरातीत मावशीला माशी म्हणतात, मराठी माणसाचा पहिल्यांदा गोंधळ होतोच). त्यांना साखर आणि बीपी दोन्ही. वाचता येत नाही. पूर्वी त्या गोळीच्या रंगावरून ओळखायच्या, पण सरकारी दवाखान्यातून कधी एका कंपनीची मिळते, कधी दुसऱ्या, आणि सगळ्या स्ट्रिपा चंदेरी, सगळ्या गोळ्या पांढऱ्या. कुठली कधी घ्यायची याचा पत्ता नाही. म्हणून मी खाकी पाकिटावर मार्करनं चित्रं काढून द्यायला लागलो. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. स्ट्रिपवर नाही काढायचं, नाहीतर मुदतीची तारीख झाकली जाते. माशींनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ने बपोरनी?" मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, म्हणून मी ताट काढलं, त्यात दोन पोळ्या. माझी चित्रकला शाळेपासून यथातथाच. त्यांनी ताटाकडे बघून सांगितलं की हा तर स्कूटरचा टायर आहे. पण दुपारची गोळी तेव्हापासून चुकली नाही. टायरवाली म्हणूनच मागतात.

याला वेळ किती लागतो? चहा गार होत नाही इतका. आणि झालं काय, तर दुकानातला पोरगा बघून बघून तसंच करायला लागला, त्याची चित्रं माझ्यापेक्षा चांगली. मग वाचता येणारे काकाही "मला पण सूर्य-चंद्र काढून द्या" म्हणू लागले, कारण चष्मा सापडत नाही. आता समोरच्या रांगेतल्या दुकानातही तशी पाकिटं दिसतात. मला पुण्य किती लागलं ठाऊक नाही, पण रात्री दुकान बंद करताना येणारे "ही कुठली गोळी हो?" वाले फोन कमी झाले.

मुद्दा हा की मी नवीन काहीच अंगावर घेतलं नाही. जे काम तसंही करत होतो त्यातच अर्धा मिनिट जास्त. तुम्ही हिशेब लिहीत असाल तर शेजारच्या आजोबांचा एखादा फॉर्म भरून द्या. गाडी चालवत असाल तर कुणाला दवाखान्यात सोडा. जे हाताला येतं त्यातलंच काहीतरी. मन थकलेलं असताना नवं कसब शिकून समाजसेवा करायला जाऊ नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्री नदीला मोठा पूर आला तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. पाणी पस्तीस फुटांवर गेलं, कितीतरी सोसायट्या पाण्यात, वीज गेलेली, वर नदीतल्या मगरींची धास्ती. तरुण पोरं छातीभर पाण्यातून दूध, पाणी, खिचडी पोचवत होती, त्यांना सलामच. पण जी 'सगळं मीच' म्हणत न झोपता धावत राहिली ती ताप घेऊन लवकर बसली. मला पोहता येत नाही. माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन फोन येत होते: फ्रिज बंद आहे, इन्सुलिन फेकून द्यायचं का? बरेच जण खरंच फेकायच्या बेतात होते. चालू असलेली बाटली साधारण तीस अंशांच्या आत चारेक आठवडे बाहेर टिकते, नेमकी मुदत आतल्या कागदावर दिलेली असते. न फोडलेली बाटली कोरड्या पिशवीत बांधून, मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याखाली ठेवा, आणि वीज येईल तेव्हाही बर्फाच्या कप्प्यात टाकू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. हे मी घरी बसून सांगत होतो, पाय कोरडे ठेवून. जेवत होतो, झोपत होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन उचलत होतो.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, यानं काही बदलतं का. थोडं बदलतं, आणि सगळं बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये. माशींना वाचता येत असतं तर माझ्या चंद्रकोरीची गरजच नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये आधी अमरेलीकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ मध्ये सबंध बडोदा राज्याला लागू केलं. ते काम कुणा एकाच्या भलेपणावर सोडलं असतं तर झालं नसतं, त्याला कायदा आणि खजिना लागला. आणि तरीही शतकानंतर माझ्या काउंटरवर वाचता न येणारी बाई उभी राहतेच. जे व्यवस्थेनं करायचं ते तिच्याकडे मागत राहावं. तोवर पाकिटावर चित्र काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर मी रक्तदान म्हणेन, तेही झोप थोडी रुळावर आल्यावर. कारण तिथं तुमची काळजी घेणं तुमच्या मर्जीवर ठेवलेलंच नाही. रक्तपेढीत पहिल्यांदा विचारतात, रात्री झोप झाली का, जेवून आलात का. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा हवं. कमी भरलं तर सरळ परत पाठवतात, कितीही भावनेनं गेलात तरी. कुठली गोळी चालू असेल तर ती सांगायची, लपवायची नाही. आणि एकदा दिलं की पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने परत घेतच नाहीत. नंतर बसवून बिस्किट आणि सरबत देतात, ते उभ्या उभ्या न पिता बसून प्या. रक्तगट निगेटिव्ह, म्हणजे सहज न मिळणारा, निघाला तर फोन बंद ठेवायची सोय उरणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.