मुद्दलाला हात लावायचा नाही

२०२० च्या जूनमध्ये टाळेबंदी जरा सैल झाली आणि पुण्यात टिळक रस्त्यावरचं माझं गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस अडीच महिन्यांनी उघडलं. पहिल्याच आठवड्यात सहकारनगरहून एक काका-काकू आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे त्यांच्या परवानगीनं जवळपास तसेच ठेवले आहेत.) काका पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे, २०१५ मध्ये निवृत्त झालेले. मास्क सावरत त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढून माझ्यासमोर ठेवली. पानावर पाच कंपन्यांची नावं, प्रत्येकीपुढे शेअरचा भाव, लाभांश (कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते ती रक्कम) आणि शेवटच्या रकान्यात टक्के. साडेआठ, नऊ, साडेदहा. पाचही कंपन्या तेलाच्या.

"मॅडम, जास्त वेळ घेत नाही. वीस लाख यात टाकू ना, एवढंच सांगा. तेल याहून खाली काय जाणार?"

त्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला फोनवरही कितीतरी जणांनी विचारला होता, आणि तेलाचा भाव घसरला की आजही विचारतात. त्या वर्षी त्याला एक ताजं कारण होतं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा (ठरलेल्या मुदतीला तेल घेण्या-देण्याचा सौदा) पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल शून्याच्या खाली गेलं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. पण तो भाव त्या एका वायद्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची मुदत संपत होती, तिकडच्या टाक्या भरत आल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे तेल ठेवायला जागा नव्हती ते पदरचे पैसे देऊन सौदा दुसऱ्याच्या गळ्यात घालत होते. आपल्याकडच्या आयातीच्या भावाचा अंदाज ज्यावरून धरतात, ते ब्रेंट जातीचं तेल वीस डॉलरच्या खाली आलं होतं, उणे गेलं नव्हतं.

मी काकांना विचारलं, "हा शेवटचा रकाना कसा काढलात?"

"सोपं आहे. लाभांश भागिले भाव."

"लाभांश कुठल्या वर्षाचा?"

"गेल्या."

"आणि भाव?"

"कालचा." इथे ते जरा थबकले.

स्टोअर्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मी अधिक काय सांगणार? गेल्या वर्षीचा साठा आणि आजची मागणी त्यांनी एका ओळीत कधीच मांडली नसती. भाव निम्म्यावर आला की हा टक्का आपोआप दुप्पट दिसतो, कंपनीनं एक रुपयाही जास्त दिलेला नसताना. आणि भाव पडतो तो बहुतेक वेळा पुढचा लाभांश कमी होईल या भीतीनंच. ती भीती किती खरी असू शकते, हे त्याच एप्रिलअखेर 'शेल' या बड्या परदेशी तेल कंपनीनं दाखवून दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं कधीही लाभांश कापला नव्हता. तो तिनं शेअरमागे ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. पाऊणशे वर्षांची परंपरा एका तिमाहीत गेली.

काकांनी वर्तमानपत्राचं एक कात्रणही आणलं होतं, "३०० टक्के लाभांश". नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते, म्हणून सांगते. हे टक्के दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असतात. दर्शनी मूल्य दोन रुपये असेल, तर ३०० टक्के म्हणजे शेअरमागे सहा रुपये. बाजारात तोच शेअर तीनशेला मिळत असेल, तर हातात पडतात दोनच टक्के. काकांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं नाही.

"पण तेल स्वस्त झालं तर या कंपन्यांना फायदाच ना?" काकूंनी विचारलं. तोवर त्या गप्प होत्या.

मी त्यांना मार्केट यार्डातला कांदा आठवायला सांगितला. कांद्याचा भाव पडला की पिकवणारा बुडतो. गाडीवर विकणारा लगेच बुडत नाही, कधी कधी त्याला चार पैसे जास्तच सुटतात. पण त्याच्या गोदामात तीस रुपयांनी घेतलेला माल पडून असेल आणि भाव बाराचा झाला, तर त्यालाही तेवढा फटका बसतोच. तेलाचंही असंच आहे. ओएनजीसी, ऑइल इंडिया हे जमिनीतून तेल काढणारे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम हे तेल शुद्ध करून विकणारे. काकांच्या वहीत दोन्ही जातीच्या कंपन्या एका खाली एक होत्या, आणि 'तेल वर जाणार' हे एकच कारण सगळ्यांना लावलेलं होतं.

शिवाय आपल्याकडे मध्ये सरकार असतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेल मातीमोल झालेलं असताना केंद्रानं पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढवलं होतं. म्हणून पंपावर आपल्याला स्वस्ताई दिसलीच नाही. उलट २०१३-१४ मध्ये तेल शंभर डॉलरच्या वर होतं, तेव्हा डिझेल-गॅस स्वस्तात विकण्याच्या अनुदानाचा भार उचलून ओएनजीसीच्या हाती त्या भावाच्या निम्म्याहून कमी उरत होतं. सरकारी कंपन्या लाभांश बऱ्यापैकी देतात, यात शंका नाही. २०१६ पासून केंद्राचा तसा दंडकच आहे. २०२० मध्ये तो होता निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्याच्या) ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. पण जो मालक लाभांश मागतो, तोच कर लावतो आणि तोच भावावर डोळा ठेवतो. तेलाचा भाव अचूक ओळखला म्हणजे लाभांश ओळखला, असं इथे होत नाही.

हे सगळं काकांना पटत होतं, मान हलत होती. तरी वही काही मिटत नव्हती. माझ्या अनुभवात असं झालं की प्रश्न शेअरचा नसतो. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, हे वीस लाख महिन्याला काय देत होते?"

उत्तर काकूंनी दिलं. "चौदा हजार. आता दहा येणार म्हणतात. हे मुलाला सांगायचं नाही म्हणून यांची झोप गेलीय."

ठेवी २०१५ च्या होत्या, साडेआठ टक्क्यांच्या. वर्षाला एक लाख सत्तर हजार. त्या आता पिकल्या होत्या आणि बँक देत होती सव्वासहाच्या आत-बाहेर, म्हणजे एक लाख चोवीस हजारांच्या आसपास. वर्षाला शेहेचाळीस हजारांचा खड्डा. वहीतले नऊ-दहा टक्के त्या खड्ड्यावर टाकायला शोधलेले होते.

"थोडं मुद्दल वापरलं तर?" मी विचारलं.

काका एकदम ताठ झाले. "मुद्दलाला हात लावायचा नाही. आमच्या वडिलांनी नाही लावला."

त्या वाक्यामागे काय असतं, ते मला माहीत आहे. माझ्याही घरात ते मी ऐकलंय. एका पगारावर, एका दोन खोल्यांच्या घरात ज्यांनी मुलं शिकवली, त्यांच्यासाठी मुद्दल म्हणजे नुसते पैसे नसतात. त्याची चेष्टा करावी, असं मला कधी वाटलं नाही. पण मी त्यांना एक गोष्ट सरळ सांगितली. "काका, वर्षाला पन्नास-साठ हजारांचं मुद्दल मोडायला लागू नये म्हणून तुम्ही वीसच्या वीस लाख पणाला लावताय. तुमच्या वडिलांनी हे केलं असतं का?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "त्यांनी शेअर कधी पाहिलाही नव्हता."

पुढचं काम हिशेबाचं होतं, ते भराभर झालं. काकांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या मर्यादेइतके पंधरा लाख आधीच होते. काकूंच्या नावावर मात्र काहीच नव्हतं, एक बचत खातं सोडून. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्वतंत्र नावानं पंधरा लाखांचं खातं उघडता येत होतं. एप्रिलपासून दर ८.६ वरून ७.४ वर आला होता, तरी बँकेपेक्षा बरा आणि पाच वर्षं बांधलेला. वर्षाला एक लाख अकरा हजार, दर तिमाहीला २७,७५०. (नवऱ्यानं दिलेले पैसे असल्यानं त्यावरचं व्याज आयकरासाठी काकांच्या उत्पन्नात धरलं जातं, पण त्यांचं उत्पन्न पाहता कर लागत नव्हता.) अशा घरात बाईच्या नावावर काही नसणं मला नेहमी खटकतं, आणि इथे तर तेच फायद्याचं होतं.

उरले पाच लाख. त्यातले तीन लाख सहा वेगवेगळ्या मुदत ठेवींमध्ये विभागून, दर वर्षी एक पिकेल अशा. पूर्वीच्या एक लाख सत्तर हजारांना वर्षाला कमी पडणारे एकोणसाठ हजार त्यातून, व्याजासह मुद्दल मोडत. सहा वर्षं निघतात. काकांनी ते तीनदा करून पाहिलं.

आणि दोन लाख शेअरमध्ये. वीस-वीस हजार, दहा महिने. पाच कंपन्या, त्यात तेलाच्या जास्तीत जास्त दोन, एक काढणारी आणि एक विकणारी. निवडताना पाहायचं ते मागच्या पाच-सात वर्षांतलं. वाईट वर्षातही लाभांश नफ्यातून दिला का, की कर्ज काढून? धंद्यातून रोख येते का? नावं इथे देत नाही, ती त्या घराच्या गरजेपुरती होती. मी फी घेते, कमिशन नाही, आणि तरीही नावं सांगताना माझा हात आखडतो. काकांना बजावलं ते एकच. हा लाभांश घरखर्चात धरायचा नाही. आला तर वरचा. त्या एप्रिलपासून तो गुंतवणूकदाराच्या हाती करपात्रही झाला होता, हेही वहीत लिहून घेतलं.

निघताना काका म्हणाले, "म्हणजे वीसचे दोन केलेत तुम्ही." राग नव्हता, पण खट्टू झाले होते. स्वस्तात मिळणारं काहीतरी हातचं गेलं, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर ते वाटणं पुढे वर्षभर टिकलं, कारण शेअर वर गेले. त्यांनी मला दोनदा फोन करून ऐकवलंही. मी ऐकून घेतलं. वीस लाख टाकले असते तर वाढले असते, हे खरंच होतं. पण २०२० च्या जूनमध्ये ते मलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही नाही. दर महिन्याचं वाणसामान आणि काकूंच्या थायरॉइडच्या गोळ्या मात्र दोघांनाही माहीत होत्या.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये फोन आला. युक्रेनच्या युद्धानं तेल शंभराच्या वर जाऊन आलं होतं. "मॅडम, तेल एवढं महाग आणि विकणाऱ्या तिन्ही सरकारी कंपन्या तिमाहीत तोट्यात! आणि काढणाऱ्यांवर सरकारनं जुलैपासून जादा कर बसवला." पंपावरचे भाव गोठलेले होते, त्यामुळे महागलेलं तेल स्वस्तात विकावं लागत होतं. मला वाटलं, ते शेअर विकायचे का विचारणार.

"ते राहू दे," काका म्हणाले. "माझं काम वेगळंय. ती तीन लाखांची ठेव आहे ना, त्यातले पंचवीस हजार जास्तीचे काढले तर? हिला अष्टविनायक करायचंय. स्वतंत्र गाडी ठरवून, एसटीच्या गर्दीत नाही."

फोनवरच हिशेब केला. सहा वर्षांतले साधारण पाच महिने कमी होत होते.

"पाच महिने," काका म्हणाले. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग गणपतीनंतरची गाडी सांगतो."