वाचकांचे प्रश्न : "हीच कृती का निवडली?"

या वेळच्या टपालात व्यवसायोपचाराच्या, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामे करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, विद्यार्थ्यांची पत्रे बरीच आहेत. त्यांतल्या बहुतेकांची अडचण एकच आहे: अभ्यास झालेला असतो, पण रुग्ण समोर आला की उपचारामागचा विचार स्वतःहून सुचत नाही. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. शरीररचना, मेंदूचे विकार, मोजमापाच्या चाचण्या या विषयांत मला चांगले गुण मिळतात. क्लिनिकल रीझनिंगचे, म्हणजे उपचार ठरवताना थेरपिस्ट करतो त्या विचाराचे, प्रकारही पाठ आहेत. पण केस मांडताना "हीच कृती का निवडली?" असे कोणी विचारले की मी पुस्तकातले उद्दिष्ट म्हणून दाखवते आणि ते माझे मलाच पटत नाही. हा विचार शिकायचा तरी कसा?

उत्तर : स्वतःचे उत्तर पटत नाही हे तुमच्या लक्षात आले, याचा मला मनापासून आनंद वाटतो, कारण पाठ केलेले उत्तर पुरेसे वाटू लागले की विद्यार्थी रुग्णाकडे पाहणेच सोडून देतो. माझ्या उमेदवारीच्या काळात मी नेमके तेच केले होते. एका गृहस्थांच्या खांद्याची हालचाल वाढावी म्हणून मी त्यांना दोन आठवडे रोज प्लॅस्टिकचे शंकू एकावर एक रचायला देत होते. एके दिवशी त्यांनी हातातला शंकू टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "हे रचता आले की मला काय करता येईल?" त्यांचा खांदा किती अंशांत उचलला जातो हे मला तोंडपाठ होते, पण त्यांच्या दिवसातले एकही काम मला ठाऊक नव्हते, कारण मी ते कधी विचारलेच नव्हते. त्यांचा प्रश्न आणि तुमच्या परीक्षकांचा प्रश्न मुळात एकच आहे.

जे प्रकार तुम्ही पाठ केले आहेत, ते परीक्षेच्या सोयीसाठी कोणी टेबलाशी बसून रचलेले नाहीत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ शेरिल मॅटिंगली आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ मॉरीन फ्लेमिंग यांनी काम करणाऱ्या थेरपिस्टचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यांच्याशी बोलून ते नेमका कसा विचार करतात याचा शोध घेतला. त्यातून दिसले ते असे, की अनुभवी थेरपिस्टचे मन एकाच वेळी अनेक वाटांनी चालत असते. आजाराचे काय करायचे, ही एक वाट. समोरच्या माणसाशी नाते कसे जुळवायचे, ही दुसरी. आणि या माणसाचे पुढचे आयुष्य कसे असू शकेल, ही तिसरी. फ्लेमिंग यांनी १९९१ साली लिहिताना याच तीन वाटांवर भर दिला. तेव्हा ही नावे आधी आठवून मग विचार करायला बसू नका. आधी विचार करा, आणि तो कोणत्या वाटेने गेला हे नंतर तपासा.

एक प्रसंग घेऊ. पक्षाघातानंतर डावी बाजू कमकुवत झालेले एक गृहस्थ पलंगाच्या कडेला बसून शर्ट घालत आहेत. उजवा हात बाहीत गेला, शर्ट खांद्यावर चढला, डावी बाही मात्र पाठीमागे लोंबत राहिली, आणि "झाले" असे म्हणून ते थांबले. बहुतेक विद्यार्थी इथे "कपडे घालण्यात मदतीची गरज" असे लिहून पुढे जातात. पण खरा अभ्यास त्या लोंबणाऱ्या बाहीपासून सुरू होतो. केवळ शक्ती कमी असती, तर त्यांनी डावा हात बाहीपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला असता आणि तो कोपराशी अडकला असता. कृती जुळवण्यातच दोष असता, तर शर्ट उलटा धरला गेला असता किंवा हात गळ्यातून बाहेर आला असता. डाव्या बाजूचे दिसतच नसेल, तर आठवण करून दिल्यावर ते मान वळवून बाही शोधतील. आणि डाव्या बाजूकडे लक्षच जात नसेल, तर "झाले" हा शब्द मनापासून आलेला असतो. त्यांच्या लेखी शर्ट खरोखरच घालून झालेला असतो. मग जेवताना ताटाची डावी बाजू तशीच राहते का, व्हीलचेअर डावीकडच्या चौकटीला धडकते का, हे पाहिले की अंदाज पक्का होतो किंवा सोडून द्यावा लागतो. यांतली दोन कारणे एकाच माणसात एकत्र असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक शक्यता विद्यार्थी हमखास विसरतात. कदाचित आजारपणापासून घरचे कोणीतरी रोज त्यांना कपडे घालून देत असेल आणि त्यांना स्वतःला त्यात काहीच गैर वाटत नसेल. तसे असेल तर उपचाराचे ध्येय शर्ट हेच असावे का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही चाचणीत मिळत नाही. ते त्यांना आणि त्यांच्या माणसांना विचारूनच मिळते.

यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून एक सवय करून घेते. रुग्णाकडे जाण्यापूर्वी वहीत तीन वाक्ये लिहायची: माझ्या मते इथे काय घडते आहे, माझा अंदाज बरोबर असेल तर आज मला काय दिसायला हवे, आणि काय दिसले तर मी माझे मत बदलीन. परत आल्यावर त्याच पानावर प्रत्यक्षात काय दिसले ते लिहायचे. तिसरे वाक्य सर्वांत अवघड जाते, आणि म्हणूनच ते गाळू देऊ नये. महिनाभर हे प्रामाणिकपणे केले की "का निवडली?" या प्रश्नाला उत्तर म्हणून तुमच्या हातात पाठ केलेले उद्दिष्ट नसेल, तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट असेल.

प्रश्न : इंटरनेटवर व्हिडिओ, संशोधन लेख, तयार टिपणे आणि आता चॅटबॉटची उत्तरे असे इतके साहित्य आहे, की वाचायचे काय आणि विश्वास कशावर ठेवायचा हेच कळत नाही. कृपया एक यादी द्यावी.

उत्तर : यादी मी देणार नाही, कारण तुमच्याकडे ती आधीच गरजेपेक्षा मोठी आहे. वाचन उपयोगी पडते ते हातात एखाद्या रुग्णाचा प्रश्न घेऊन गेल्यावर. "पक्षाघातावर काय उपचार आहेत?" असे शोधले तर हजारो लेख निघतील आणि एकही कामाचा नसेल. त्याऐवजी माणूस कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि हवा असलेला परिणाम कोणता, हे चारही भाग एका वाक्यात बसवावेत: डाव्या बाजूकडे लक्ष न जाणाऱ्या प्रौढांना नजर डावीकडे वळवण्याचा सराव दिला, तर नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांची रोजची कामे सुधारतात का? असा प्रश्न घेऊन पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर जावे, आणि त्याआधी कोक्रेन या संस्थेचा पद्धतशीर आढावा, म्हणजे त्या प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष, उपलब्ध आहे का ते पाहावे. ओटीसीकर हा आपल्या क्षेत्रातील चाचण्या आणि आढावे गोळा करणारा संग्रहही पाहण्यासारखा आहे, कारण त्यात अभ्यास किती काटेकोर होता याचेही मूल्यमापन मिळते. नव्या अभ्यासांसाठी मात्र पबमेडवरच शोधावे.

लेख सापडला म्हणजे निर्णय झाला, असे नाही. पुराव्याधारित वैद्यकाची जी व्याख्या डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली, तिच्यातही संशोधनाबरोबर उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची पसंती यांना स्थान आहे. अभ्यासातली माणसे तुमच्या रुग्णासारखी होती का, त्यांच्याकडे जितका वेळ आणि जितकी साधने होती तितकी तुमच्याकडे आहेत का, हे दोन प्रश्न प्रत्येक लेखाच्या कडेला पेन्सिलीने लिहीत जावे.

मोजमापाची साधने शिकताना ते साधन काय मोजते याच्या जोडीने ते काय मोजत नाही हेही लिहून ठेवावे. जेवणे, कपडे घालणे, चालणे अशी स्वतःची कामे माणूस किती स्वतंत्रपणे करतो हे मोजणाऱ्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात १०० पैकी १०० गुण मिळाले, तरी तो माणूस एकटा राहू शकेल असे समजू नये, हे तो निर्देशांक तयार करणाऱ्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. स्वयंपाक आणि घर चालवणे त्यात येतच नाही. याउलट १९९१ मध्ये आलेल्या कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर या मुलाखतीत रुग्ण स्वतःच अडचणीची कामे निवडतो आणि ते काम आपल्याला किती जमते व त्याबाबत आपण किती समाधानी आहोत याला १ ते १० गुण देतो. ही दोन्ही साधने एकाच रुग्णावर वापरून पाहावीत; दोन्हींच्या उत्तरांतली तफावत वर्गातल्या तासापेक्षा जास्त शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००१ सालचे आयसीएफ, म्हणजे माणसाची कार्यक्षमता आणि अपंगत्व यांचे वर्गीकरणही जवळ असू द्यावे. शरीराची कार्ये, कृती, सहभाग आणि परिस्थिती यांपैकी कोणत्या पातळीवर आपण बोलत आहोत, हे त्याने स्पष्ट होते.

व्हिडिओंबद्दल माझे मत अनुकूल आहे, पण पाहण्याची पद्धत बदलावी लागेल. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावे. पानाच्या एका बाजूला जे दिसले तेच लिहावे, दुसऱ्या बाजूला त्याचा आपण लावलेला अर्थ लिहावा, आणि मगच आवाज सुरू करून निवेदक काय म्हणतो ते ऐकावे. "घाबरला" हा अर्थ झाला. "कडेला हात टेकून दोनदा खाली पाहिले" हे दिसलेले झाले. ही दोन्ही एकमेकांत मिसळण्याची खोड लवकर मोडलेली बरी.

चॅटबॉटला विचारायचेच असेल, तर पहिल्या उत्तरात सांगितलेली आपली तीन वाक्ये लिहून झाल्यावर विचारावे आणि त्याने सांगितलेला प्रत्येक संदर्भ मूळ जागी जाऊन तपासावा, कारण तो अस्तित्वात नसलेले लेखही आत्मविश्वासाने सांगतो. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील मात्र तिथे कधीही घालू नये.

प्रश्न : माझ्या पर्यवेक्षिका फार कुशल आहेत, पण काही विचारले की "अनुभवाने कळेल" एवढेच म्हणतात. त्यांच्याकडून शिकावे कसे?

उत्तर : त्या टाळत असतील असे मला वाटत नाही. ह्युबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या अमेरिकन प्राध्यापक बंधूंनी १९८० साली कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिक्यापासून निष्णातापर्यंत. त्यांतल्या वरच्या पायरीवरचा माणूस नियम आठवून काम करत नाही, परिस्थिती पाहताक्षणी त्याला काय करायचे ते कळते, आणि म्हणूनच ते शब्दांत सांगणे त्याला जड जाते. तेव्हा "तुम्ही असे का केले?" असे विचारू नका. त्याने समोरचा माणूस समर्थन करू लागतो. नेमका क्षण पकडून विचारा: "चेंडू दिल्यावर तुम्ही तो लगेच परत घेतला. त्या क्षणी तुम्हाला काय दिसले?" याचे उत्तर बहुधा मिळते: खांदा वर चढला, श्वास रोखला गेला, मुलाने दाराकडे पाहिले. आपण दुसरे काय करण्याच्या बेतात होतो, हेही त्यांना विचारा. आणि हे सारे त्याच दिवशी, रुग्ण गेल्यावर, पाच मिनिटांत विचारून घ्या; आठवड्याने ते त्यांनाही आठवणार नाही.

प्रश्न : बोट वाकवणाऱ्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीची, शस्त्रक्रिया झालेला एक तरुण माझ्याकडे येतो. चौथा आठवडा आहे, आणि तो हाताला आधार देणारी स्प्लिंट घरी काढून ठेवतो. समजावून सांगितले तरी ऐकत नाही. रुग्णकेंद्री उपचार म्हणजे त्याच्या मर्जीने चालणे का?

उत्तर : नाही. इथे शरीराच्या भरून येण्याचा वेग आपण किंवा तो ठरवू शकत नाही. जोडलेला टेंडन सुरुवातीच्या आठवड्यांत कमकुवत असतो आणि जोराने पकडल्यास तुटू शकतो. पूर्ण जोराचे काम बहुतेक पद्धतींत साधारण १२ आठवड्यांपर्यंत टाळतात. उलट बोट अजिबात हलवलेच नाही, तर टेंडन आजूबाजूच्या ऊतींना चिकटून बसतो, म्हणून ठरवून दिलेली संरक्षित हालचाल चुकवता येत नाही. हे ज्ञान बाजूला ठेवून कोणाच्या मर्जीचा मान राखता येत नाही, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगणे हे तुमचे नैतिक कर्तव्य आहे.

पण तुम्ही "समजावून सांगितले" असे लिहिले आहे, "विचारले" असे कुठेही लिहिलेले नाही. स्प्लिंट दिवसाच्या कोणत्या घटकेला निघते? रात्री निघत असेल, तर ती घामाने खाजत असेल किंवा पट्टा काचत असेल. पुढच्या भेटीत ती उतरवून त्वचेवरचे लाल वळ पाहा आणि स्प्लिंटची कड दुरुस्त करा. आंघोळीच्या वेळी निघत असेल, तर ती कोरडी कशी ठेवायची हे त्याला कोणी करून दाखवलेलेच नसेल. लहान बाळाला उचलण्यासाठी निघत असेल, तर चांगला हात आणि दुसऱ्या बाजूचे कोपर वापरून, बसूनच बाळ मांडीवर कसे घ्यायचे, याचा सराव त्याच्याबरोबर करावा लागेल, आणि त्यासाठी घरातल्या माणसालाही बोलवावे लागेल. कामावर जाण्यासाठी काढत असेल, तर मालकाला दाखवता येईल असे पत्र त्याला हवे असेल. या चारही अडचणींवरचे उपाय निरनिराळे आहेत, आणि "ऐकत नाही" या नोंदीतून त्यांपैकी एकही निघत नाही.

स्प्लिंट काढली जाते, ही माहिती मात्र आजच्या आज पर्यवेक्षकांना आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवा, आणि तसे कळवणार असल्याचे त्या तरुणालाही आधी सांगा. बोटाचे टोक पूर्वीसारखे स्वतःहून वाकते का, हे प्रत्येक भेटीत हलक्या हाताने पाहा. ते वाकेनासे झाले असेल, तर बाकीचे सारे बाजूला ठेवून त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवा.