बहिणीच्या कॉलेजसाठी वर्ड-एक्सेल स्वस्तात आणि अधिकृतपणे कुठून मिळेल?

तुमची बहीण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, लॅपटॉप जुना घेतलाय, त्यातलं वर्ड सारखी ॲक्टिव्हेशनची पट्टी दाखवतं. दुकानदार ५०० रुपयांत 'करून देतो' म्हणतो आणि ऑनलाइन ६९९ रुपयांत 'लाइफटाइम ऑफिस' (वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंटचा संच) दिसतंय, तर काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. तिचं काम फुकटात आणि पूर्ण कायदेशीर होण्यासारखं आहे. मी एका कॉमर्स कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. ॲडमिशनच्या दिवसांत पालक हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ६९९ वालं. त्यात पुष्कळदा परवाना मिळतच नाही, एक तयार ईमेल आयडी आणि पासवर्ड हातात येतो. सोबत 'पाच लॅपटॉपवर चालेल, एवढे टीबी स्टोरेज फुकट' असं आमिष असतं. असं खातं विकणाऱ्याने कुठल्यातरी संस्थेच्या नावावर काढलेलं असतं आणि त्या संस्थेचा ॲडमिन तोच असतो. तो वाटेल तेव्हा पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो, वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्या खात्याच्या ऑनलाइन जागेत, ठेवलेल्या फाइल उघडू शकतो. तुमची बहीण तिथे फक्त प्रोजेक्ट ठेवणार नाही. शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेलं आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, सगळं तिथेच जाईल. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची ही कागदपत्रं अनोळखी माणसाच्या ताब्यात जाणं मला पैसे बुडण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं.

दुकानदाराचा प्रकार वेगळा. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं शेकडो कॉम्प्युटरसाठी एकत्र परवाना घेतात. त्यांचा स्वतःचा सर्व्हर प्रत्येक मशीनला मान्यता देतो, ती १८० दिवसांची असते आणि मशीन पुन्हा पुन्हा त्या सर्व्हरला भेटून ती वाढवून घेतं. दुकानात टाकला जाणारा 'ॲक्टिव्हेटर' तुमच्याच लॅपटॉपमध्ये तसा खोटा सर्व्हर उभा करतो. तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या प्रोग्रामसाठी पहारेकरी झोपवावा लागतो तो आणखी काय करतो हे दुकानदारालाही माहीत नसतं, कारण त्यानेही तो कुठून तरी उतरवूनच घेतलेला असतो. शिवाय बहुतेक ठिकाणी ऑफिस २०१६ किंवा २०१९ टाकतात. या दोन्हींचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आहेत, म्हणजे प्रत अस्सल असती तरी आज ती नव्याने टाकण्यात अर्थ नव्हता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरणं हा गुन्हा आहे: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकतं.

आता काय करायचं ते.

सगळ्यात पहिलं, बहिणीला कॉलेजकडून ईमेल आयडी मिळालाय का ते बघा. जीमेलवरचा तिचा स्वतःचा नव्हे, कॉलेजच्या नावाचा. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन तासांसाठी अनेक कॉलेजांनी मायक्रोसॉफ्ट नाहीतर गूगलची शैक्षणिक खाती घेतली होती. ती अजून चालू असतात, पण नव्या मुलांना कुणी सांगत नाही. कॉलेजच्या कार्यालयात खिडकीवर विचारलंत तर 'माहीत नाही' असंच उत्तर यायची शक्यता जास्त. आयटी विभागात किंवा कॉलेजची वेबसाइट सांभाळणाऱ्या सरांना विचारायला सांगा. आयडी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या शिक्षणविषयक पानावर तो टाकायचा, कॉलेज पात्र आहे की नाही ते लगेच कळतं. 'ए१' योजना असेल तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. कॉलेजने पैसे भरून 'ए३' घेतली असेल तर लॅपटॉपवर इन्स्टॉल करायची पूर्ण आवृत्तीही मिळू शकते. फक्त हे खातं कॉलेजचं आहे, शिक्षण संपलं की ते बंद होऊ शकतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळ्या फाइल स्वतःकडे उतरवून घ्यायच्या.

कॉलेजचा आयडी नसेल तरी साध्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर हेच ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल कुणालाही फुकट वापरता येतं, ५ जीबी जागेसकट. पिव्हट टेबल, व्हीलुकअप, चार्ट, पहिल्या वर्षाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे. व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमध्ये कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) त्यात चालत नाहीत. खरी अडचण इंटरनेटची. गावी रेंज नसेल, लाइट गेली की वायफाय जात असेल, तर निव्वळ ब्राउझरवर अवलंबून राहू नका.

म्हणूनच माझा आग्रह लिबरऑफिसचा आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था सांभाळते. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि मेनू मराठीत करता येतात. उतरवायचं मात्र त्यांच्या अधिकृत साइटवरूनच. 'वर्डसारखं दिसत नाही' म्हणून मुलं पहिल्याच दिवशी ते सोडून देतात आणि मला वाईट वाटतं, कारण अडचणी दोन-तीनच असतात आणि त्यांवर सोपे उपाय आहेत.

पहिली अडचण देवनागरीची. लिबरऑफिसमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट यांच्या सेटिंग वेगळ्या असतात. सेटिंगमधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडायची. मग फॉन्टच्या खिडकीत देवनागरीसाठी स्वतंत्र रकाना दिसतो, आकारही तिथेच ठरवायचा. हे ठाऊक नसलं की इंग्रजी १२ आणि मराठी १० अशा आकारात छापलेला प्रोजेक्ट हातात येतो.

दुसरी, पानं सरकण्याची. वर्डमध्ये कॅलिब्री किंवा कँब्रियामध्ये केलेली फाइल इथे उघडली तर कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे फॉन्ट वापरले जातात. ते लिबरऑफिससोबतच येतात, त्यामुळे साधा मजकूर फारसा हलत नाही. टेबल आणि चौकटींनी भरलेली फाइल मात्र हलते. त्यामुळे सबमिशन पीडीएफमध्येच करावं, मेनूत सरळ सोय आहे. सरांनी वर्डची फाइलच मागितली तर सेव्ह करताना स्वरूप वर्डचं निवडायचं, नाहीतर लिबरऑफिस स्वतःच्या ओडीटी स्वरूपात सेव्ह करतं आणि 'फाइल उघडत नाही' असा निरोप येतो.

हिशेबासाठी त्यातलं एक्सेलसारखं कॅल्क पदवीला पुरेसं आहे. २४.८ आवृत्तीपासून एक्सलुकअप आणि फिल्टर ही सूत्रंसुद्धा आलीत. एक्सेलमधली पॉवर क्वेरी (बाहेरून डेटा आणून साफ करायची सोय) नाही. कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा एक्सेलवर असेल तर आधीचे काही दिवस लॅबमध्ये किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलवर सराव करायला सांगा, कारण बटणं वेगळ्या जागी असतात आणि परीक्षेत शोधत बसायला वेळ नसतो.

कॉमर्स म्हटल्यावर टॅली येईलच. त्यासाठीही चोरीची प्रत नको. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये फुकट चालतं. नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं.

विकत घ्यायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. घरात आणखी कुणाला लागत असेल तर फॅमिली योजना सहा जणांत वाटता येते आणि प्रत्येकाचं खातं वेगळं राहतं. जुन्या लॅपटॉपवर ऑफिसचं स्टिकर दिसलं तर त्यावर विसंबू नका. तो परवाना आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो.

आणि नवं काही टाकण्याआधी सध्याचं ऑफिस काढून टाका. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडा. अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही ते तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही न टाकलेलं नाव दिसलं तर ते काढा आणि पूर्ण स्कॅन लावा. स्कॅनमध्ये काही सापडलं तर बहिणीच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाकून घ्या, आणि तिच्या मेलचे, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला.