काकांच्या डब्यात सापडलेलं हे जपानी नाणं कुठलं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: काका बोटीवर होते, त्यांच्या डब्यातल्या परदेशी चिल्लरीत ही चकती निघाली. व्यास 25 मिमी, रंग पोलादी, दोन्ही बाजूंना तारा आणि भोवती जपानी अक्षरं, आकडा कुठेच नाही. सराफ म्हणाला, जुनं चांदीचं नाणं असेल.

चांदी नाही आणि नाणंही नाही. माझ्या मते ही पाचिस्लोची चकती आहे. पाचिस्लो म्हणजे जपानच्या पाचिंको पार्लरमधलं स्लॉट मशीन; पाचिंको हा उभ्या यंत्रात छोट्या पोलादी गोळ्या उडवायचा खेळ. मी काही वर्षं नागोयाजवळ नोकरीला होतो. तिथे स्टेशनाबाहेर पडलं की हे पार्लर दिसणारच, आणि आतला खणखणाट दार उघडताच रस्त्यावर येतो.

आधी नाण्याचा विषय संपवू. येनच्या प्रत्येक नाण्यावर देशाचं नाव, किंमत आणि सम्राटाच्या कालगणनेतलं वर्ष असतं. नुसता आकडा नाही म्हणून नाणं नाही, असं मात्र समजू नका. 5 येनच्या नाण्यावर इंग्रजी आकडा नसतोच, किंमत चित्रलिपीत लिहिलेली असते; पण ते पितळी असतं आणि मधोमध भोक असतं. व्यासावरून लवकर उलगडा होतो. 100 येनचं नाणं 22.6 मिमी, 500 येनचं 26.5 मिमी, चालू नाण्यांपैकी 25 मिमीचं एकही नाही. पाचिस्लोच्या चकत्या मात्र नेमक्या 25 मिमीच्या असतात. ओकिनावात 30 मिमीच्या मोठ्या चकत्यांवर चालणारी मशीनं लोकप्रिय आहेत, पण तुमची त्यातली नाही. पट्टी हाताशी नसेल तर 2011 सालच्या मालिकेतलं आपलं दोन रुपयांचं नाणं तिच्यावर ठेवा. कडेला कड जुळेल.

आता किंमत का छापलेली नाही ते बघा. जपानमध्ये जुगाराला दंडसंहितेने बंदी आहे आणि पाचिंको-पाचिस्लो 1948 च्या एका वेगळ्या कायद्याखाली 'करमणूक' म्हणून चालतं. त्यामुळे दुकान चकती विकत नाही, भाड्याने देतं. ठरलेला दर एका चकतीला 20 येन. साधारण तीन चकत्या टाकायच्या, दांडी खाली ओढायची आणि फिरणारी तीन चक्रं तीन बटणं दाबून एकेक थांबवायची. दोन डावांत किमान 4.1 सेकंद जायलाच हवेत, असा नियम आहे. म्हणजे एका डावाला 60 येन! संध्याकाळपर्यंत खिसा रिकामा व्हायला तेवढं पुरे. जिंकलात तर चकत्या खालच्या ताटलीत धो-धो पडतात. त्या काउंटरवर मोजून घ्यायच्या आणि बदल्यात बक्षीस घ्यायचं. बक्षीस म्हणजे बिस्किटं, सिगारेटी, नाहीतर प्लास्टिकच्या डबीत बसवलेला सोन्याचा बारीकसा तुकडा. ती डबी घेऊन लोक बाहेर पडतात आणि जवळच्याच एका छोट्या खिडकीवर विकून रोख पैसे घेतात. दुकान वेगळं, खिडकी वेगळी, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सगळं ठाकठीक. मला हा प्रकार कायम डोळेझाक वाटत आला आहे, पण तो उघडउघड चालतो.

तुमच्या चकतीवरचा तारा बहुधा पार्लरचं चिन्ह असणार. पार्लर आपापल्या नावाच्या, नक्षीच्या चकत्या पाडून घेतात, म्हणजे दुसरीकडची चकती मिसळली तर लगेच ओळखू येते. गिऱ्हाइकाला चकत्या बाहेर नेऊ देण्याची त्याच कायद्याने मनाई आहे. मनाई दुकानदारावर आहे, तेव्हा काकांना बोल लावू नका. योकोहामा किंवा कोबेला बोट लागली की खलाशी गावात फिरणार, आणि एखादी चकती खिशात राहून जाणार.

एक शंका उरते. गेम सेंटरमध्येही अशाच चकत्या चालतात, तिथे त्यांच्या बदल्यात बक्षीस मिळत नाही, नुसतं खेळायचं. अक्षरांत सेगा, तायतो किंवा नामको असं नाव निघालं तर चकती तिथली समजा. तुमच्या फोटोत वरची अक्षरं पुसट आहेत. खिडकीशी तिरप्या उजेडात धरून पुन्हा फोटो काढा आणि मोबाइलच्या भाषांतर अ‍ॅपला दाखवा. 'हॉल' किंवा गावाचं नाव वाचता आलं तर पार्लरही सापडू शकेल.

सराफाला पटत नसेल तर काट्यावर टाकायला सांगा. तेवढ्याच जाडीची चांदीची चकती पोलादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड भरते.

विकून फार काही मिळणार नाही, एकेका पार्लरला अशा चकत्या ढिगाने लागतात. 2022 च्या अखेरीपासून तिकडे चकती न लागणारी मशीनंही आली आहेत, पण म्हणून लगेच भाव चढेल असं मला वाटत नाही. ठेवणार असाल तर ब्रासो लावून घासू नका. कोमट पाणी आणि साबण, एवढंच.