सीलबंद, नवंकोरं आणि फारच स्वस्त नेटवर्क कार्ड अस्सल असेल का?

घरच्या सर्व्हरसाठी इंटेलचं आय३५०-टी४, म्हणजे चार पोर्टांचं गिगाबिट कार्ड, सीलबंद खोक्यात निम्म्याहून कमी किमतीला मिळतंय, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी घेणार नाही. एकदा घेऊन बसलोय, म्हणून सांगतो.

एकाच विक्रेत्याकडून दोन कार्डं मागवली होती. खोकं, छपाई, होलोग्रामचं स्टिकर, सगळं चोख. दोन्ही मशीन एका स्विचला जोडल्या आणि नेटवर्क घटकाभर चालू, घटकाभर बंद. दोन संध्याकाळी मी केबल बदलत बसलो. मग लक्षात आलं की दोन्ही कार्डांचे मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येकाचा वेगळा असायला हवा तो ओळख क्रमांक, तंतोतंत एकच! एका कार्डाची मेमरी दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवलेली. स्विच बिचारा कोणाचं पॅकेट कोणाला देणार?

लिनक्सवर एलएसपीसीआय (lspci) ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली, ८०८६ हा इंटेलचा क्रमांक दिसला, की लोक निर्धास्त होतात. माझ्या त्या कार्डांवरही तोच दिसत होता. चिप खरी असू शकते, ड्रायव्हरही बिनबोभाट चढतो. खोट असते ती बोर्डात. पोर्टांमागचे ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर हलक्या प्रतीचे असले की ओझं पडून कार्ड तापल्यावर लिंक तुटायला लागते. म्हणून परत करायची मुदत आहे तोवरच चारही पोर्टांवर रात्रभर आयपर्फ (iperf) हे वेग मोजणारं साधन चालवा. प्रत्येकी ९४० मेगाबिटच्या आसपास वेग टिकायला हवा आणि एथटूल (ethtool) या कार्डाची आकडेवारी दाखवणाऱ्या आज्ञेतले चुकांचे आकडे वाढता कामा नयेत. मॅक अ‍ॅड्रेस कार्डावरच्या स्टिकरशी जुळतो का, तेही बघा.

माझं ऐकाल तर नव्याचा सोस सोडा. जुन्या सर्व्हरमधून काढलेलं, आय३५० चिपचंच डेल किंवा एचपीचं कार्ड घ्या. चिप तीच, ड्रायव्हर तोच. एलएसपीसीआयला -व्हीव्ही (-vv) जोडलं की सबसिस्टिम या ओळीत डेल किंवा एचपीचं नाव दिसतं. धुळकट दिसेल, पण बनावट माल करणाऱ्यांचा जीव असतो तो इंटेलच्या निळ्या खोक्यावर, असल्या कळकट मालावर नाही.

फक्त ब्रॅकेट, म्हणजे कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची पट्टी, उंच आहे की बुटकं, ते आधी विचारून घ्या. माझं पहिलं जुनं कार्ड बुटकं आलं होतं, आठवडाभर ते कॅबिनेटमध्ये स्क्रूशिवाय लटकत होतं.